उंडीचे कूळ कोणते?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सावंतवाडीतील नववीतली एक विद्यार्थिनी घरी आली. हातात उंडीची दोन पाने, एक वाळलेले फळ आणि वही. शाळेने तिला परिसरातील पाच झाडांची माहिती लिहून आणायला सांगितले होते. चार झाडे सुरळीत पार पडली. पाचव्या झाडापाशी गाडी अडली. ग्रंथालयातील जुन्या पुस्तकात उंडीसमोर 'कुल : गटिफेरी' असे छापलेले होते. एका बागेतील पाटीवर 'क्लुसिएसी' असे होते. आणि मोठ्या भावाने मोबाईलवर पाहून सांगितले ते तिसरेच, 'कॅलोफायलेसी'. वही माझ्यापुढे करून ती म्हणाली, "सर, ह्यातला खरा खंयचा?"

कूळ हा शब्द आमच्याकडे जरा जपूनच वापरावा लागतो. तळकोकणात 'कूळ कोण?' असे कुणी विचारले की माणसे आधी सातबाराचा उतारा शोधू लागतात! वनस्पतिशास्त्रातील कुल त्याहून वेगळे; पण भांडणे तिथेही काही कमी झालेली नाहीत. तिन्ही उत्तरे आपापल्या काळी बरोबर होती, असे मी तिला सांगितले तेव्हा तिचा चेहरा पडला. परीक्षेच्या कागदावर तीन उत्तरे लिहिता येत नाहीत हे तिलाही ठाऊक होते.

त्या दिवशी तिला जे सांगितले ते आणि सांगता सांगता मला जे वाटले ते, दोन्ही येथे लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, सिंधुदुर्गातील मुलांनी वनस्पतींची कुले शिकायची ती उंडी, सुरंगी आणि भिरंड यांच्यापासून. आणि शिकताना कुलाचे नाव बदलले ही अडचण न मानता तोच धड्याचा मुख्य भाग मानावा. पुष्कळ शिक्षकबंधूंना हे पटणार नाही. त्यांच्या आक्षेपांकडे पुढे वळूच.

आधी ही मंडळी एका घरात आली कशी ते पाहू. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जुस्यू याने १७८९ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात सपुष्प वनस्पतींची कुले मांडली. त्यांतील एकाला त्याने 'गटिफेरी' असे नाव दिले. 'गट्टा' म्हणजे लॅटिन भाषेत थेंब. ज्या झाडांना जखम केली असता चिकाचे थेंब येतात ती झाडे, असा या नावाचा अर्थ. हा पुरावा तुम्हांला कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता पाहता येईल. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, फांदीला किंवा कच्च्या फळाला नखाने ओरखडा काढा. पिवळा चीक येतो. उंडीचे पान देठापाशी मोडा. दुधी-पिवळसर चिकट थेंब दिसतो. सुरंगीतही चीक असतो. (तो कपड्यांना लावू नका. आईची बोलणी मला खावी लागतील.)

चिकाखेरीज आणखीही खुणा आहेत. तिघांचीही पाने साधी, जाड, तुकतुकीत, कडेला दाते नसलेली आणि समोरासमोर येणारी. फुले पाहा. उंडीचे फूल पांढरे. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका आणि त्या झुबक्यात लपलेला गुलाबी अंडाशय. सुरंगीची कळी म्हणजे बंद केलेली लहानशी डबी. ती फुटली की निदलपुंजाचे दोन तुकडे होतात आणि आतून चार पांढऱ्या पाकळ्या व पुंकेसरांचा केशरी-पिवळा गुच्छ बाहेर येतो. नागचाफ्याला चार मोठ्या पांढऱ्या पाकळ्या आणि तसाच सोनेरी झुबका. कोकमाचे फूल लहान आणि जाडसर, पण पाकळ्या त्यालाही चारच. असे साम्य पाहिल्यावर जुन्या शास्त्रज्ञांनी या सर्वांना एका कुलात घातले यात नवल नाही. बंगालच्या रॉक्सबर्गने तर सुरंगीला उंडीच्याच प्रजातीत घालून 'कॅलोफायलम सुरिगा' म्हटले होते. त्यातील 'सुरिगा' हे आपल्याच 'सुरंगी'चे रूप. पुढे प्रजाती बदलली आणि सुरंगी आज 'मॅमिया सुरिगा' या नावाने ओळखली जाते. पण तिचे देशी नाव लॅटिन वेषात अजून टिकून आहे.

भिरंडाच्या बाबतीत तर गंमत अधिकच आहे आणि तिचा संबंध आपल्या शेजारच्या गोव्याशी आहे. गार्सिया दा ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात एक पुस्तक छापले. भारतातील औषधी व मसाल्यांच्या वनस्पतींविषयीचे ते संवादरूप पुस्तक. त्यात 'ब्रिंदोंइश' या नावाने आपल्या भिरंडांचा उल्लेख आहे. चारच वर्षांनी, १५६७ साली, त्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला निघाला. तो करणाऱ्याचे नाव क्लुसियस. आणि पुढे ज्याच्या स्मरणार्थ एका अमेरिकन प्रजातीला 'क्लुसिया' व तिच्यावरून कुलाला 'क्लुसिएसी' हे नाव मिळाले तो हाच. म्हणजे ज्याने आपली भिरंडे युरोपला कळवली त्याच्याच नावाने भिरंडाचे कुल आज ओळखले जाते. हा योगायोग आहे, कुणी ठरवून केलेले नाही. पण मला तो फार आवडतो. कोकमाचे सर्वांत जुने शास्त्रीय नावही 'ब्रिंडोनिया इंडिका' असे, भिरंडावरूनच आलेले होते. आजचे 'गार्सिनिया' हे नाव मात्र गार्सिया दा ऑर्ताचे नव्हे. ते गार्सिन नावाच्या दुसऱ्याच एका वैद्य-वनस्पतिज्ञाचे. ही चूक मोठीमोठी माणसे करतात.

तर 'गटिफेरी' आणि 'क्लुसिएसी' ही एकाच घराची दोन नावे. एक गुणावरून पडलेले, दुसरे प्रजातीवरून. वनस्पतींच्या नामकरणाचे नियम ही दोन्ही नावे वैध मानतात. पहिल्या दोन नोंदींचा उलगडा येथे झाला. राहिली तिसरी.

एकोणिसाव्या शतकापासून काही शास्त्रज्ञांना या घराविषयी शंका होती. आगार्ड याने १८५८ साली उंडीच्या प्रजातीवरून 'कॅलोफायलेसी' असे निराळे कुल मांडलेही होते. पण ते फारसे कुणी स्वीकारले नाही. शंकेचे कारण बियांत होते. ते कारण तुम्ही स्वतः पाहावे असे मला वाटते, म्हणून कृती सांगतो. मे महिन्यात रातांबे खाल्ल्यावर त्यातील एक बी धुऊन घ्या. वरचे साल काढा आणि धारदार पात्याने मधोमध कापा. हरभऱ्याच्या किंवा शेंगदाण्याच्या दाण्यात दिसतात तशा दोन डाळिंब्या तुम्हांला येथे सापडणार नाहीत. सगळा एकसंध गोळा असतो. हा गोळा म्हणजे फुगलेला अधराक्ष, बीजपत्रे जवळजवळ नाहीतच. अशी बी रुजते तेव्हा एका टोकाने कोंब येतो आणि दुसऱ्या टोकाने मूळ. आता उंडीचे वाळलेले फळ फोडा. कवच टणक असते; पाट्यावर ठेवून हातोडीने हलकेच मारावे लागते. आतल्या तेलकट गराचा जवळजवळ सगळा भाग दोन जाड बीजपत्रांचा असतो. ती एकमेकींना इतकी घट्ट चिकटलेली असतात की सांधा शोधावा लागतो. पण तो असतो. एकाने पोराच्या शिदोरीसाठी देठ फुगवला, दुसऱ्याने पाने फुगवली. बाहेरून सख्खी दिसणारी ही भावंडे घरात निरनिराळ्या चालीची निघाली.

बियांची साक्ष कित्येक दशके नोंदवहीत पडून राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस पेशींतील डीएनएच्या साखळ्या वाचून वनस्पतींची नाती ताडून पाहणे शक्य झाले. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांच्या 'अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप' या गटाने १९९८ साली पहिली मांडणी प्रसिद्ध केली आणि २००९ सालच्या तिसऱ्या मांडणीत जुने घर वाटून टाकले. भिरंड, मँगोस्टीन इत्यादी 'क्लुसिएसी'त राहिले. उंडी, सुरंगी, नागचाफा यांना आगार्डचे जुने नाव परत मिळाले. कॅलोफायलेसी हे सुमारे १४ प्रजातींचे आणि साडेचारशेंवर जातींचे, बहुतेक सर्व झाडाझुडपांचे कुल आहे. सूर्यफुलाच्या कुलात पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत हे लक्षात घेतले म्हणजे हे घर किती लहान ते कळेल.

वाटणी का करावी लागली, हे कळल्यावर मात्र मी स्वतः खुर्चीतून उठलो होतो. जनुकांच्या साक्षीप्रमाणे उंडीचे जवळचे नाते भिरंडाशी नाहीच. ते आहे युरोपात परिचित असलेल्या हायपेरिकम या पिवळ्या फुलांच्या झुडपांच्या कुलाशी, आणि पोडोस्टेमेसी नावाच्या कुलाशी. हे दुसरे कुल तुम्ही पाहिले असेल, फक्त ओळखले नसेल. सह्याद्रीतील ओढ्या-नद्यांच्या धबधबणाऱ्या पाण्यात खडकाला शेवाळासारखे, दगडफुलासारखे चिकटून बसलेले काहीतरी असते. पाय ठेवला की घसरायला होते. पावसाळा ओसरला, खडक उघडा पडू लागला की त्या 'शेवाळा'ला चिमुकली फुले येतात! ती शेवाळे नव्हेत, सपुष्प वनस्पती आहेत. अशा वनस्पतींची आणि किनाऱ्यावरच्या भल्यामोठ्या उंडीची नाळ एक, आणि परसातले भिरंड मात्र दूरचे. तेव्हा भिरंड व उंडी यांना एकाच घरात ठेवायचे असेल तर या खडकावरच्या पाहुण्यांनाही त्याच घरात घ्यावे लागले असते. शास्त्रज्ञांनी त्यापेक्षा वाटणी पत्करली.

आमच्या परिचयाचे एक शिक्षक हे ऐकून म्हणाले, "अहो, नावे बदलत राहतात. आज कॅलोफायलेसी, उद्या आणखी काही. मुलांना उंडी म्हणजे उंडी एवढे कळले तरी पुष्कळ झाले." या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे. उंडी म्हणजे उंडी एवढे कळणे खरोखरच पुष्कळ आहे. आज तेवढेही कळत नाही. पण नातेगोते जाणण्याचा उपयोग काय, या त्यांच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते येथे सविस्तर देतो, कारण ते उंडीच्याच एका चुलत बहिणीचे आहे.

१९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी काही वनस्पतिशास्त्रज्ञ बोर्निओ बेटावरील सारावाकमध्ये नमुने गोळा करीत होते. दलदलीच्या जंगलातील एका झाडाची पाने, फांद्या त्यांनी सुकवून पाठवल्या. ते झाड कॅलोफायलम प्रजातीचे, म्हणजे आपल्या उंडीच्या प्रजातीचेच होते, जाती 'लॅनिजेरम'. प्रयोगशाळेत त्या अर्काने एड्सच्या विषाणूची वाढ रोखली. त्यातील द्रव्याला 'कॅलॅनोलाइड ए' असे नाव मिळाले. आणखी माल हवा म्हणून शास्त्रज्ञ काही वर्षांनी पुन्हा त्याच ठिकाणी गेले. पाहतात तो झाड नाही! कुणीतरी ते तोडून नेले होते. जवळपासची तशीच दिसणारी दुसरी झाडे तपासली, तर त्यांत ते द्रव्य नव्हते. अखेर सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात नेमक्या त्याच प्रकारची काही झाडे सापडली. ती शतकभरापूर्वी लावलेली आणि नाव, ठिकाण यांची नोंद करून ठेवलेली होती. म्हणून शोध पुढे चालू राहिला. शिवाय जवळच्या नात्यातील दुसऱ्या एका जातीच्या चिकातही त्याच जातकुळीचे एक द्रव्य मिळाले.

'कॅलॅनोलाइड ए' माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. बाजारातले औषध मात्र झाले नाही. ही गोष्ट सांगताना हा शेवट बहुधा गाळला जातो, तो मला गाळायचा नाही. पण प्रश्न औषधाचा नव्हताच. तसेच दिसणारे झाड चालले नाही, हे त्यातील मर्म. जातीच्या पातळीवर ओळख अचूक नसती तर सगळा प्रवास फुकट गेला असता, आणि कुलाच्या, प्रजातीच्या पातळीवर नाते माहीत नसते तर दुसरीकडे कोठे शोधावे हेच कळले नसते. नाव आणि नाते ही त्या शोधाची दोन्ही पाऊले होती.

येथून मी पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येतो. उंडीविषयी कोणतेही पुस्तक उघडा, तिचे उपयोगच उपयोग सांगितलेले असतात. गरात निम्म्याहून अधिक तेल. त्या तेलावर घरोघर दिवे जळत, ते होड्यांना चोपडीत, सांधे दुखले तर चोळीत. लाकूड होड्यांना. उंडीच्याच प्रजातीतील पून वृक्षाचे सरळ सोट शिडाच्या जहाजांच्या डोलकाठ्यांना वापरले जात. वटवाघळे फळांचा वरचा गर खाऊन बिया झाडाखाली टाकीत आणि सकाळी बायकामुले त्या वेचीत. वेचणीची मजुरी वटवाघळांनी घ्यायची, असे माझी आजी हसत म्हणे. हे सगळे खरे आहे. पण मग रॉकेल आले. त्यामागून वीज आली, होड्यांना यंत्रे आली, फायबरची नावही आली. उपयोग गेला आणि उपयोगाबरोबर झाडाची किंमत गेली. आमच्या नात्यातील एका वाडीत ओढ्याकाठी एक उंडी होती; चार माणसांच्या कवेत न मावणारी. ती विकली गेली तेव्हा सौदा जळाऊ लाकडाच्या वजनावर झाला. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला ते झाड कोण होते हे कधी कुणी सांगितलेच नव्हते. मी त्याच तालुक्यात वर्षानुवर्षे शास्त्र शिकवीत होतो आणि मीही सांगितले नव्हते.

सुरंगीचे उलट आहे. मार्च-एप्रिलमध्ये जुन्या फांद्यांना लगडून तिची फुले येतात आणि सावंतवाडीच्या बाजारात सुरंगीचे वळेसर दिसू लागतात. वेंगुर्ले तालुक्यातील आसोली गाव तर सुरंगीसाठीच प्रसिद्ध. वाळवलेल्या कळ्या अत्तरासाठी आणि औषधासाठी बाहेर जातात. त्या हंगामात कित्येक घरांत चार पैसे येतात. म्हणून सुरंगी बांधावर उभी आहे. आम्हांला याचे कौतुक आहेच. पण हेच कारण उद्या गेले तर? अत्तराला स्वस्त कृत्रिम वास मिळाला, किंवा कळ्यांचा भाव पडला, तर सुरंगीचा सौदाही वजनावर व्हायला किती वेळ लागेल? झाडे उपयोगी आहेत म्हणून ती राखा, असे आपण मुलांना सांगतो. मला आता हे सांगणे अपुरे वाटते. उंडीही उपयोगी होती.

या कळ्यांवरून आणखी एक गोष्ट आठवली. आयुर्वेदातील नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे पुंकेसर. हे झाड लोखंडासारख्या जड लाकडाचे, श्रीलंकेने १९८६ साली राष्ट्रीय वृक्ष म्हणून स्वीकारलेले. पण बाजारात 'तांबडे नागकेशर' म्हणून जे मिळते त्या पुष्कळदा सुरंगीच्या सुकलेल्या कळ्या असतात. दोन्ही झाडे एकाच कुलातील असली तरी औषध म्हणून ती एक नव्हेत. सुकलेल्या मालातून हे ओळखायला भिंग आणि सवय लागते. वैद्याच्या दुकानात बसणारा मुलगा आपल्याच शाळेतून गेलेला असतो, आणि कळी कशी फुटते हे शाळेने त्याला दाखवलेले नसते.

रस्त्याच्या कडेला आणि मोकळ्या जमिनीवर लावलेली झाडे पाहा. ऑस्ट्रेलियन अकेशिया, गुलमोहर. किनाऱ्यावर सुरूची बने. डोंगरउतारावर काजू आणि आता रबर. काजू पोट भरतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात आपण होऊन वाढणारी, जिची फळे समुद्रावर तरंगत आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पोहोचली, ती उंडी दारात असताना आपण सुरू आणून लावतो, याचा मला राग येतो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीला मनाई केली. न्यायालय तोड थांबवू शकते. कोणते झाड कोण आहे, हे ते आमच्या मुलांना शिकवू शकत नाही.

ते काम शाळेचे. वरच्या वर्गांच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे कुलांची उदाहरणे आली ती शेंगांच्या, धोतरा-वांग्याच्या आणि कांदा-लिलीच्या कुलांची. ती साऱ्या देशाला चालतात म्हणून निवडलेली, आणि त्यात गैर काही नाही. परंतु जिल्ह्याच्या शाळांनी त्यांच्या जोडीला एक स्वतःचे कुल घ्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. विदर्भातल्या शाळेचे कुल निराळे असेल, नाशिकच्या शाळेचे निराळे. आमचे हे असावे. यासाठी नवे पुस्तक नको, निधी नको. एक कोयता, एक भिंग, मेमध्ये रातांब्याच्या बिया आणि उंडीची फळे, मार्चमध्ये सुरंगीच्या कळ्या, आणि सुटीच्या दिवशी ओढ्यावर जाऊन खडकावरचे ते 'शेवाळ' पाहून येण्याची तयारी, एवढे पुरे. शिक्षकाला सगळे आधी माहीत असलेच पाहिजे असेही नाही. मला नव्हते.

भिरंडाचा धडा तर शेतकऱ्याच्या घरातच सुरू होईल. बियांपासून लावलेले भिरंड नर की मादी हे पहिली फुले येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, कळत नाही. फुले येतात, फळ धरत नाही. मग 'वांझ झाड' म्हणून कुऱ्हाड चालते. ते वांझ नसते, नर असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकम अमृता' ही जात १९९७ साली दिली; मादी झाडाच्या कलमांमुळे बागायतदाराची ही अडचण पुष्कळ कमी झाली. तरी बागेत काही नर राखावे लागतातच, नाहीतर परागकण यायचे कोठून? आठवीतल्या मुलाने घरी जाऊन वडिलांना एवढे सांगितले तरी दोन-चार झाडे वाचतील. नर आणि मादी फुलांतला फरक भिंगाशिवायही दिसतो: मादीच्या फुलात मधोमध हिरवट गोल अंडाशय असतो, नराच्या फुलात त्या जागी पुंकेसरांची दाटी.

माझे मित्र विचारतील, परीक्षेत कोणते नाव लिहायचे? पुस्तकात जे असेल ते लिहावे, आणि तोंडी परीक्षेत तिन्ही सांगावीत. खरे पाहता प्रश्नच बदलायला हवा. 'उंडीचे कुल लिहा' असे न विचारता 'उंडी आणि कोकम यांना पूर्वी एका कुलात का घातले होते, आणि आता वेगळे का केले?' असे विचारावे. याचे उत्तर पाठ करून येत नाही. बी कापावीच लागते.

नववीतल्या त्या मुलीने बी कापली. एक कोकमाची, एक उंडीची. उंडीचा सांधा सापडायला तिला तीन फळे फोडावी लागली. वहीत तिने तिन्ही नावे लिहिली आणि त्यांच्यासमोर १७८९, १८५८ व २००९ ही सालेही. गुण किती मिळाले ते मी विचारले नाही. उरलेल्या बिया तिने नारळाच्या करवंट्यांत पेरल्या. उंडीची एक कवच काढून आणि एक कवचासकट, कोणती आधी रुजते ते पाहायला. कवच काढलेली पहिली आली. कवचासकट पेरलेली वर यायची होती तेव्हा तिने करवंटी माझ्या पायरीवर आणून ठेवली, तिच्या घरी कोंबड्या होत्या म्हणून. ती रुजली. सध्या तिला सहा पाने आहेत, आणि ती लावायची कोठे यावर आमचे एकमत होत नाही. मुलीला शाळेच्या आवारात हवी आहे. उंडी केवढी होते हे मी पाहिलेले असल्यामुळे मला ती ओढ्याकाठी, वाडीतल्या त्या रिकाम्या जागेवर हवी आहे.